पलटण, शाळा आणि यंत्र : नौदल व हवाई दलाच्या दारात आपण कोठे?

दरवर्षी ८ ऑक्टोबरला हवाई दल दिन आणि ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा होतो. पहिली तारीख १९३२ सालच्या हवाई दलाच्या स्थापनेची, दुसरी १९७१ च्या युद्धात आपल्या क्षेपणास्त्र-नौकांनी कराची बंदरावर चढवलेल्या हल्ल्याची. त्या दिवसांत मुंबईच्या शाळांतली मुले युद्धनौका पाहायला जातात, वृत्तपत्रे विमानांची छायाचित्रे छापतात, वक्ते देशभक्तीची भाषणे करतात. जहाज किती टनांचे, विमान किती वेगाचे, हे सगळे सांगितले जाते. पण जहाजावर कोण आहे, यंत्राजवळ कोण उभा आहे, हुकूम कोण देतो आणि संडास कोण धुतो, हे प्रश्न मात्र विचारले जात नाहीत. ते विचारणे देशद्रोहाचे आहे अशी एक समजूत प्रस्थापितांनी हेतुपुरस्सर पसरवून ठेवली आहे.

दलित चळवळीला भूदलाचा इतिहास पाठ आहे. १ जानेवारी १८१८ ची कोरेगावची लढाई, १८९२ मध्ये महारांची लष्करभरती बंद होणे, गोपाळबाबा वलंगकरांचा १८९४ चा अर्ज, शिवराम जानबा कांबळ्यांचा १९१० चा अर्ज, आणि शेवटी १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिलेली महार पलटण, ही साखळी आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असते. नौदल आणि हवाई दल यांच्याबद्दल मात्र आपण फारसे बोललो नाही. ही दोन दले यंत्राची दले आहेत. आणि यंत्राच्या दलातले दार वेगळ्या किल्लीने उघडते. ती किल्ली कोणती, ती कोणाच्या कमरेला आहे, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

समुद्र आणि शास्त्र

प्रथम समुद्राकडे पाहू. भारताला हजारो मैलांचा किनारा आहे. तरी ब्राह्मणी धर्मशास्त्राने समुद्राकडे पाठ फिरवली. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवासाची गणना पतित करणाऱ्या कर्मांत केली. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंक्तीला कोणाला बसवू नये याची यादी आहे. तिच्यात घराला आग लावणारा, विष घालणारा आणि समुद्रावर जाणारा हे एकाच श्लोकात येतात. पुढे कलिवर्ज्यांच्या यादीत द्विजांचे समुद्रगमन निषिद्ध ठरले. १९२७ च्या डिसेंबरात महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्याने माणसाला पाण्यापासून दोन प्रकारे तोडले होते : अस्पृश्याला तळ्याच्या पाण्यापासून आणि द्विजाला समुद्राच्या पाण्यापासून. फरक इतकाच की, पहिल्याची तहान मारली गेली आणि दुसऱ्याची केवळ जिज्ञासा.

शास्त्राने समुद्र बाटवला म्हणून तो ओस पडला नाही. कोळी, भंडारी, खारवी, गाबीत, दालदी, कोकणी मुसलमान या कष्टकरी जातिजमातींनी तो राखला. वाऱ्याचे, भरती-ओहोटीचे, खडकांचे ज्ञान त्यांच्याजवळ होते. ते कोणत्याही पोथीत नव्हते. शिवाजी महाराजांनी आरमार उभारले तेव्हा त्यांना याच लोकांकडे यावे लागले. मायनाक भंडारी आणि दौलतखान ही त्या आरमाराच्या प्रमुखांची नावे आहेत. एक भंडारी, एक मुसलमान. १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू झाले. त्याच परंपरेत पुढे कान्होजी आंग्रे यांनी १७२९ साली मृत्यू येईपर्यंत कोकणच्या किनाऱ्यावर इंग्रज आणि पोर्तुगीज यांना दाद दिली नाही.

या आरमाराचा शेवट कसा झाला हेही लक्षात ठेवले पाहिजे. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या आश्रयाला असलेले तुळाजी आंग्र्यांचे आरमार इंग्रजांच्या तोफांनी जाळले आणि त्या वेळी पेशव्यांची फौज इंग्रजांची दोस्त म्हणून जमिनीवर उभी होती. तुळाजी आणि पेशवे यांचे भांडण खरे होते. तुळाजी काही संत नव्हता. पण घरचे वैर भागवण्यासाठी पुण्याच्या सत्तेने किनाऱ्यावरची सर्वांत मोठी ताकद परक्याच्या हातून नष्ट करवली, हे सत्य उरतेच. ज्यांच्या विचारविश्वात समुद्राला स्थानच नव्हते, त्यांना आपण काय गमावत आहोत हे कळणे कठीण होते.

जहाजावरची उतरंड

कंपनीचे आरमार १६१२ मध्ये सुरतेस सुरू झाले, पुढे ते मुंबईत आले. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील पारशी कारागिरांनी सागवानाची जहाजे बांधली; इंग्रजांच्या राजेशाही आरमारानेही ती घेतली. खलाशी प्रामुख्याने रत्नागिरीकडचे. अधिकारी मात्र गोरे. या दलात इंजिनिअर शाखेचा पहिला हिंदी अधिकारी नेमला गेला तो १९२८ मध्ये, म्हणजे सुरुवातीपासून तीनशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. १९३४ साली या दलाला ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे नाव मिळाले.

आता जहाजाच्या आत डोकावू. व्यापारी जहाजांवरील हिंदी खलाशांची एक ठरलेली उतरंड होती : सारंग, त्याखाली तांडेल, मग खलाशी; स्वयंपाकघरात भंडारी; आणि सर्वांच्या तळाशी टोपास. टोपास म्हणजे जहाजाचा झाडूवाला, संडास धुणारा. हा शब्द मुळात पोर्तुगीजांच्या काळात मिश्र वंशाच्या ख्रिस्ती शिपायांसाठी वापरला जाई. कालांतराने तो झाडूवाल्याला चिकटला. या कामाला माणसे घेतली जात ती भंगी म्हणून हिणवल्या गेलेल्या जातींतून. नौदलानेही ही शाखा तशीच उचलली. पोलादाचे जहाज आले, वाफेचे इंजिन आले, बिनतारी यंत्र आले. पण गावकुसाबाहेरचा माणूस जहाजावर चढला तो आपला झाडू घेऊनच. जहाजाला गावकूस नसते, पण जहाजाच्या आतही गाव वसवता येते, हे आपल्या समाजाने सिद्ध करून दाखवले.

स्वातंत्र्यानंतर ‘टोपास’ हे पद लगेच गेले नाही. पुढे त्याचे नाव ‘सॅनिटरी हायजिनिस्ट’ झाले, नंतर नुसते ‘हायजिनिस्ट’. नौदलाच्या भरतीच्या जाहिरातींत या शाखेचे काम स्वच्छतागृहे साफ ठेवणे असे लिहिलेले असते. शिक्षणाची अटही सर्वांत खालची. आधी सहावी पास पुरत असे, नंतर दहावी झाली. हवाई दलातही ‘सफाईवाला’ हे पद होते. आता त्या जागी ‘हाउसकीपिंग’ हा शब्द आला आहे. जाहिरातीत जात लिहिलेली नसते, हे खरे. पण ज्या देशात झाडूला जात आहे, तेथे झाडूची स्वतंत्र शाखा काढली की जात लिहायची गरजच उरत नाही. शब्द इंग्रजी झाला म्हणून काम बदलत नाही. प्रत्येक नाविकाने पाळीपाळीने स्वतःचे संडास धुतले तर जहाज बुडणार नाही. बुडेल ती प्रतिष्ठेची एक खोटी कल्पना.

१९४६ : ‘कुली’ या शिवीचा अर्थ

दुसऱ्या महायुद्धात या नौदलाचे रूप पालटले. १९३९ मध्ये दोन हजारांच्या आसपास असलेले दल युद्धाच्या अखेरीस तीस हजारांच्या घरात गेले. बिनतारी संदेश, तोफा, इंजिने यांसाठी लिहितावाचता येणारे तरुण हवे होते. ते सर्व प्रांतांतून आणि सर्व धर्मांतून घेतले गेले. भूदलासारखी शीख पलटण, राजपूत पलटण अशी विभागणी जहाजावर करता येत नव्हती. एकाच बोटीत पंजाबी मुसलमान, मद्रासी हिंदू, बंगाली आणि कोकणी एकत्र राहत होते. यंत्राने जे केले ते कोणत्याही सुधारकाच्या भाषणाने झाले नव्हते.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या ‘तलवार’ या बिनतारी-प्रशिक्षण केंद्रातील नाविकांनी संप पुकारला. निकृष्ट अन्न, गोऱ्या नाविकांच्या तुलनेत कमी पगार आणि अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक ही कारणे होती. केंद्रप्रमुखाने नाविकांना ‘कुलींची पोरे’ अशा अर्थाच्या शिव्या दिल्या, ही त्यांची मोठी तक्रार होती. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका करा, इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत आणा, अशा राजकीय मागण्याही त्यांनी जोडल्या. पाहता पाहता सुमारे ७८ जहाजे आणि २० किनारी ठाणी संपात उतरली. वीस हजारांच्या आसपास नाविक सामील झाले. मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग. मुंबईत परळ-लालबागचे गिरणी कामगार रस्त्यावर आले; गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. काँग्रेस आणि मुस्लिम लीग या दोन्ही पक्षांच्या वरिष्ठ पुढाऱ्यांनी शरणागतीचा सल्ला दिला आणि २३ फेब्रुवारीला संप संपला. चारशेहून अधिक नाविकांना बडतर्फ करण्यात आले. देश स्वतंत्र झाल्यावरही त्यांना नौदलात परत घेतले गेले नाही.

या उठावाचे मोल मोठे आहे, त्याबद्दल आदरच बाळगला पाहिजे. तरी दलित वाचकाने त्या शिवीजवळ क्षणभर थांबावे. ‘कुलींची पोरे’ ही शिवी त्या तरुणांना इतकी झोंबली की त्यांनी तोफांची तोंडे फिरवली. पण कुली म्हणजे कोण? पोटासाठी ओझे वाहणारा माणूस. त्याचे पोर असणे ही शिवी का व्हावी? आणि ज्यांना शतकानुशतके याहून हीन शब्दांनी हाका मारल्या गेल्या, त्यांच्या संतापाला या देशाने कधी उठाव म्हटले का? गोऱ्या अधिकाऱ्याने केलेला अपमान राष्ट्राचा अपमान ठरतो, आणि गावच्या पाटलाने केलेला अपमान परंपरा ठरते. स्वाभिमानाचे हे दोन हिशेब ज्या दिवशी एक होतील, त्या दिवशी १९४६ चा उठाव पुरा झाला असे म्हणता येईल.

आकाशाचे दार

हवाई दलाचा जन्म तर आणखी अलीकडचा. १९३२ मध्ये स्थापना झाली तेव्हा इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे शिकून आलेल्या मूठभर हिंदी तरुणांना अधिकारपदे मिळाली. त्यांत सुब्रतो मुखर्जी होते, जे पुढे १९५४ मध्ये या दलाचे पहिले हिंदी प्रमुख झाले. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिग रोड येथे पहिली स्क्वाड्रन उभी राहिली. तिच्याजवळ चार वापिती विमाने होती. विमानांची देखभाल करणाऱ्या हिंदी तंत्रज्ञांना ‘हवाई सिपाई’ म्हणत. क्रॅनवेलला कोण जाऊ शकत होते? ज्यांच्या घरात इंग्रजी होते, पैसा होता, ओळख होती. १९३२ हे पुणे कराराचेही साल आहे. ज्या वर्षी मूठभर तरुणांच्या हाती विमाने आली, त्याच वर्षी कोट्यवधी अस्पृश्य आपला प्रतिनिधी आपण निवडण्याच्या हक्कासाठी झगडत होते. दोन्ही घटना एकाच देशातल्या आहेत.

येथे भूदल आणि यंत्रदले यांच्यातील मूलभूत फरक स्पष्ट होतो. १८५७ नंतर इंग्रजांनी ‘लढवय्या जाती’ नावाचे एक थोतांड उभे केले. शौर्य रक्तात असते, आणि ते काही जातींच्याच रक्तात असते, असा तो सिद्धांत. चातुर्वर्ण्याला इंग्रजी गणवेश चढवला की जे होते तेच हे. त्याच सिद्धांताच्या लाटेत महारांची भरती बंद झाली. कोरेगावचा स्तंभ उभा असताना ‘तुम्ही लढवय्ये नाही’ असे त्यांना सांगण्यात आले. ही बंदी उघड होती. म्हणून तिच्याविरुद्ध अर्ज करता आला, लढता आले. बाबासाहेबांनी संरक्षण सल्लागार समितीत बसून ती मोडता आली.

नौदलात आणि हवाई दलात अशी जातवार पलटण नाही. तेथे बंदी रक्ताची नाही; ती फळ्यावरच्या गणिताची आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचेच उदाहरण घ्या. भूदलाच्या शाखेसाठी बारावी कोणत्याही विषयांची चालते. नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र आणि गणित अनिवार्य. हवाई दलातील तांत्रिक शिपायासाठीही गणित, भौतिकशास्त्र, इंग्रजी हेच विषय. ही अट अन्यायाची आहे असे मी म्हणत नाही. रडार भावनेवर चालत नाही, आणि पाणबुडीचा दाब जात पाहत नाही. पण ज्या तालुक्यात अकरावी-बारावीची विज्ञान शाखा कोसावर आहे, ज्या शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप आहे, ज्या मुलीला गणिताच्या तासाला ‘तुला काय जमणार’ असे ऐकवले जाते, तेथे ही अट आपोआप जातीची अट होते. जुनी बंदी कागदावर होती. ही बंदी कागदावर नाही, म्हणून तिच्याविरुद्ध अर्ज कोणाकडे करायचा हेच कळत नाही.

पलटणीने शाळा दिली होती

येथे आपल्याच इतिहासातील एक गोष्ट आठवते. कंपनीच्या आणि नंतर इंग्रज सरकारच्या फौजेत शिपायांच्या मुलामुलींसाठी शाळा असत. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत शिक्षक होते, मुख्याध्यापक होते. गावच्या शाळेचे दार बंद असताना पलटणीच्या शाळेचे दार उघडे होते. महाराष्ट्रातील अस्पृश्य चळवळीची पहिली पिढी मोठ्या प्रमाणात या पलटणीच्या शाळांतून आली. वलंगकर स्वतः निवृत्त शिपाई होते. त्या काळी पलटण ही शाळेची वाट होती.

आज क्रम उलटला आहे. आज शाळा ही पलटणीची वाट आहे. आधी गणित, मग विमान. आधी प्रयोगशाळा, मग जहाज. बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते असे म्हणावे लागते. १९४१ मध्ये त्यांनी पलटणीची मागणी लावून धरली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखांचे. नाविकांच्या उठावाला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. बंदूक मिळवून थांबायचे नाही, बंदूक बनवणारे ज्ञान मिळवायचे, हा त्या दोन कृतींमधला धागा आहे.

हक्क, आकडे आणि युद्ध

काही कार्यकर्ते विचारतील : बुद्धाच्या मार्गाने जाणाऱ्यांनी युद्धनौकांचा विचार का करावा? प्रश्न योग्य आहे. युद्धाचे नगारे वाजवण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. १९५१ मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडताना बाबासाहेबांनीच दाखवून दिले होते की, वर्षाकाठी ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी लष्करावर जातात आणि हा भार आपल्या परराष्ट्र धोरणाचे फळ आहे. शस्त्रांवरील खर्चाची चिकित्सा करणे हा नागरिकाचा हक्क आहे. पण तो खर्च होत असताना त्यातून निर्माण होणारे ज्ञान, अधिकार, नोकऱ्या आणि सन्मान कोणाच्या वाट्याला जातो, हे विचारणे हाही हक्कच आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली, तिच्यासोबत १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. पाण्याने त्यांची जात विचारली नाही. मरणात समता आणि हुकुमात विषमता, हा न्याय नव्हे.

वस्तुस्थिती अशी की, सैन्यदलांच्या लढाऊ भरतीत अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा नाहीत. १९६१ मध्ये साताऱ्याला पहिली सैनिक शाळा निघाली. सैनिक शाळांच्या प्रवेशात अनुसूचित जातींना १५ टक्के आणि जमातींना साडेसात टक्के जागा आहेत. म्हणजे शाळेच्या दारापर्यंत राखीव जागा, आणि पुढच्या दारात गुणवत्तेचे नाव. गोदीतील मुलकी कामगार, माझगाव डॉक, नाशिकजवळ ओझरचा विमान कारखाना अशा सार्वजनिक उद्योगांत आरक्षण लागू आहे. याच माझगावात बांधलेली ‘नीलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात आली. याच ओझरला मिग विमाने तयार झाली, ज्यांपैकी मिग-२१ हे २०२५ च्या सप्टेंबरात निवृत्त झाले. ही कामे कंत्राटदाराकडे जसजशी जातात, तसतसे आरक्षण कायद्यात राहते आणि जागेवरून नाहीसे होते. २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत शिपायाची नोकरी चार वर्षांची झाली. त्यानंतर चारांपैकी फार तर एकालाच कायम केले जाते. ज्याच्या घरी जमीन नाही, दुकान नाही, त्याच्यासाठी लष्करातली नोकरी म्हणजे निवृत्तिवेतन आणि मुलांचे शिक्षण होते. तो आधार कोणाच्या घरातून गेला, याचाही हिशेब मांडला पाहिजे.

म्हणून चळवळीपुढे काही स्पष्ट कामे आहेत. सैन्यदलांतील अधिकारी, तंत्रज्ञ आणि सफाई शाखा यांची सामाजिक रचना सरकारने जाहीर करावी, ही मागणी लावून धरली पाहिजे. मुसलमानांच्या संख्येचा प्रश्न सच्चर समितीने विचारला तेव्हा, २००६ मध्ये, मोठा गदारोळ झाला होता. आकड्यांची एवढी भीती का वाटते, हेच मुळात तपासण्यासारखे आहे. जहाजावरील सफाईची वेगळी शाखा बंद करून ते काम सर्वांत वाटावे, ही दुसरी मागणी. आणि तिसरे काम सरकारकडे मागायचे नाही, ते आपण करायचे आहे. आपल्या वस्तीजवळच्या शाळेत विज्ञान शाखा आहे का, वसतिगृहातील मुलामुलींना गणित कोण शिकवतो, सैनिक शाळेच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज किती घरांत पोहोचतो, हे प्रत्येक शिक्षकाने आणि कार्यकर्त्याने पाहावे.

१८९४ साली वलंगकरांनी लेखणी उचलली ती बंद झालेल्या पलटणीच्या दारासाठी. आज दारावर पाटी नाही, पहारेकरी नाही. नुसते एक गणित लिहिलेले आहे. ते सोडवता येणारी पिढी तयार करणे हीच आजची विनंती, आणि ती आपण आपल्यालाच करायची आहे.